दोन यमुना

काळी नदीच्या खोऱ्यात, दांडेलीहून अंबिकानगराकडे जाणाऱ्या रस्त्यावर, कुळगी हे अरण्याने वेढलेले लहानसे गाव आहे. काही काळापूर्वी त्या बाजूस जाण्याचा योग आला असता तेथील एका धर्मशिक्षकांनी आमच्यापुढे एक गाऱ्हाणे मांडले. त्यांची धाकटी बहीण तिशीतच विधवा झाली. ती माहेरी राहते, शिवणकाम करते आणि रात्री कादंबऱ्या वाचते. त्या कादंबऱ्या साऱ्या एकाच घाटाच्या. नवरा वारलेली किंवा नवऱ्याने टाकलेली बाई परक्या गावी जाते, एखादे दुकान किंवा खानावळ काढते, शेजारीपाजारी प्रथम नाके मुरडतात, मग जीव लावतात, आणि पुस्तक संपण्यापूर्वी कोणी सज्जन गृहस्थ तिच्या दाराशी येऊन उभा राहतो. आणखी चौघी-पाचजणी ही पुस्तके आपसांत फिरवून वाचतात. "फादर, ह्या वाचनाने बायकांची मने चळतात. आपण पत्रिकेतून चार शब्द लिहा," असे मास्तरांचे म्हणणे होते.

लिहिण्याचे आम्ही कबूल केले. परंतु लिहावयास बसल्यावर असे ध्यानात आले की, मास्तरांना हवे आहेत ते चार शब्द आमच्या हातून उतरणार नाहीत. ज्या जातीच्या कथेविषयी त्यांची तक्रार होती, ती कथा मराठीत प्रथम आणली ती एका ख्रिस्ती माणसाने. आणि तो माणूस त्यांच्या शेजारच्याच बेळगावचा होता.

बाबा पद्मनजी यांचा जन्म १८३१ मध्ये बेळगावी झाला. तेथील मिशनच्या शाळेत आणि पुढे मुंबईस त्यांचे शिक्षण झाले. जातिभेद मोडण्यासाठी गुप्तपणे जमणाऱ्या परमहंस मंडळीशी त्यांचा काही काळ संबंध होता. १८५४ मध्ये, वयाच्या तेविसाव्या वर्षी, त्यांनी बेळगावातच बाप्तिस्मा घेतला. पुढे ते पाळक झाले, संपादक झाले, कोशकार झाले. १९०६ मध्ये त्यांचे निधन होईपर्यंत त्यांच्या लेखणीला खंड पडला नाही. ते आमच्या संप्रदायाचे नव्हेत. कदाचित म्हणूनच आमच्या सेमिनरीत त्यांचे नाव आम्ही फारसे ऐकले नाही, आणि हे सांगताना आम्हांस संकोच वाटतो. १८५७ साली, म्हणजे बंडाच्या वर्षी, त्यांचे 'यमुनापर्यटन' प्रसिद्ध झाले. मराठीतील पहिली स्वतंत्र कादंबरी म्हणून बहुतेक वाङ्मयेतिहासकार तिचाच उल्लेख करतात. तिच्या उपशीर्षकातच हिंदुस्थानातील विधवांच्या स्थितीचे निरूपण हा हेतू सांगितलेला आहे. कादंबरी हा प्रकार मराठीत अवतरला तो राजाराण्यांची किंवा ऐयारांची कथा घेऊन नव्हे, तर विधवांची कथा घेऊन, ही गोष्ट आपण जितकी लक्षात ठेवावयास हवी तितकी ठेवलेली नाही.

कथानक सरळ आहे. यमुना ही शिकलेली तरुणी आणि तिचा सुविचारी पती विनायकराव हे दोघे महाराष्ट्रात प्रवास करतात. ठिकठिकाणी त्यांना निरनिराळ्या जातींच्या विधवा भेटतात, आणि प्रत्येकीची कहाणी ती दोघे ऐकतात. पुढे विनायकराव अपघाताने निवर्ततात आणि जी इतकी दिवस दुसऱ्यांची दुःखे ऐकत होती, तीच त्या दुःखात सापडते. शेवटी यमुना उघडपणे ख्रिस्ताचा स्वीकार करते व एका ख्रिस्ती गृहस्थाशी पुनर्विवाह करते. प्रवासाची ही चौकट योगायोगाने आलेली नसावी, असा आमचा तर्क आहे. बनियनच्या ग्रंथाचे हरि केशवजींनी केलेले भाषांतर 'यात्रिकक्रमण' या नावाने १८४१ मध्येच निघाले होते आणि ख्रिस्ती वाचकांच्या परिचयाचे होते. बनियनचा यात्रेकरू बायकोमुलांना मागे टाकून स्वर्गीय नगरीकडे धावत सुटतो. पद्मनजींची यात्रेकरू मात्र एक स्त्री आहे, आणि ती वाटेत थांबते. ती बसून ऐकते. धर्मप्रसाराच्या हेतूने लिहिलेल्या पुस्तकात इतके ऐकून घेणे असावे, हे आम्हांस त्यातील सर्वांत ख्रिस्ती लक्षण वाटते.

पुस्तकात दोष नाहीत असे नव्हे. वादविवाद जागोजाग कथेवर स्वार होतात; प्रतिपक्षाला बोलू दिले जाते ते बहुधा त्याने हरावे म्हणून. आज ते वाचणाऱ्या हिंदू वाचकाला त्यातील काही पृष्ठे बोचली, तर त्याला दोष देता येणार नाही. पण आमचा आक्षेप वेगळ्या ठिकाणी आहे, आणि तो मास्तरांच्या बहिणीच्या कादंबऱ्यांनाही तितकाच लागू पडतो. यमुना विधवा होते, आणि काही पाने उलटताच ती पुन्हा सौभाग्यवती होते. मधल्या काळाचा हिशेब फारसा नाही. तिने दिवस काढले कसे, कोणाच्या ओसरीवर, कोणाच्या अन्नावर?

हा प्रश्न क्षुल्लक नाही, कारण त्या काळचा कायदाच तो विचारीत होता. पुस्तकाच्या आदल्याच वर्षी, १८५६ मध्ये, विधवांच्या पुनर्विवाहाला मान्यता देणारा पंधरावा कायदा झाला. त्याच कायद्याच्या दुसऱ्या कलमाने पुनर्विवाह करणाऱ्या स्त्रीचा मृत पतीच्या मालमत्तेवरील हक्क काढून घेतला. एका हाताने दार उघडले आणि दुसऱ्या हाताने पदरचे गाठोडे ठेवून घेतले. धर्मांतर करणाराचा वारसाहक्क जाऊ नये म्हणून १८५० चा कायदा होता खरा; परंतु घरातून बाहेर पडलेली अल्पवयीन विधवा तो कायदा घेऊन कोणत्या कचेरीत जाणार होती? मुंबईत पुनर्विवाहाचा गाजलेला विवाह लागला तो १८६९ मध्ये, विष्णुशास्त्री पंडितांच्या खटपटीने. म्हणजे कायदा होऊन तेरा वर्षे लोटल्यावर. पद्मनजींची यमुना या सर्वांच्या पुढे धावत होती.

दुसरी यमुना आली ती तीस-पस्तीस वर्षांनी. हरि नारायण आपटे यांची 'पण लक्षांत कोण घेतो!' ही कादंबरी १८९० पासून 'करमणूक' पत्रातून क्रमशः येऊ लागली. तिच्या नायिकेचेही नाव यमुनाच. घरची माणसे तिला यमू म्हणतात. तिलाही शिकलेला, प्रेमळ पती लाभतो, तिचेही चार दिवस सुखाचे जातात, आणि तीही विधवा होते. येथून मात्र दोघींच्या वाटा फुटतात. यमूचे बळजबरीने केशवपन केले जाते, आणि ती झिजून मरते. हरिभाऊंनी पद्मनजींना उत्तर म्हणून हे नाव योजले असे म्हणण्यास आमच्यापाशी काहीही पुरावा नाही, आणि आम्ही तसे म्हणत नाही. यमुना हे घरोघरचे नाव होते. तथापि दोन्ही पुस्तके शेजारी ठेवून वाचणाराच्या मनात दुसरी पहिलीला एक प्रश्न विचारताना ऐकू येते: बाई, तू सुटलीस, पण मला कोणी दार उघडावे?

कलेच्या दृष्टीने हरिभाऊंची कादंबरी फार श्रेष्ठ आहे, हे कोणीही मान्य करील. तिच्यात यमू स्वतः बोलते, आणि बोलते ती स्वयंपाकघरातील मराठी. आपल्याकडील काही समीक्षक यावरून असा निष्कर्ष काढतात की, दुःखान्त तेवढा खरा आणि सुखान्त म्हणजे भाबडेपणा. धर्मशास्त्राचा अभ्यास केलेल्याने हा निष्कर्ष घाईने पत्करू नये. पुनरुत्थानावर विश्वास ठेवणाऱ्यांना चांगल्या शेवटाची लाज वाटण्याचे कारण नाही; फक्त त्या शेवटापूर्वी शुक्रवार व शनिवार येतात, हे त्यांनी विसरू नये.

येथे थोडे विषयांतर करून आपल्या स्वतःच्या घराकडे पाहणे प्रामाणिकपणाचे होईल. विधवेने नव्याने संसार मांडावा की नाही, याविषयी ख्रिस्तसभेचेही मत सदैव एकसुरी नव्हते. तरुण विधवांनी लग्न करावे, असे तीमथ्याला लिहिलेल्या पहिल्या पत्रात सांगितले आहे. त्याच अध्यायात साठ वर्षांवरील विधवांच्या यादीचाही उल्लेख आहे, म्हणजे मंडळीने त्यांच्या पोटाची व्यवस्था केलेली होती. परंतु पुढे तेर्तुल्यन याने पुनर्विवाहावर कठोर टीका केली. नोवात्यनाचे अनुयायी तर दुसऱ्यांदा विवाह केलेल्यांशी धर्मसंबंधच ठेवीत नसत. ३२५ मध्ये निकेया येथे भरलेल्या विश्वपरिषदेने आपल्या आठव्या नियमात, ह्या लोकांना ख्रिस्तसभेत परत यावयाचे असल्यास त्यांनी पुनर्विवाहितांशी सहभागिता ठेवण्याचे लेखी कबूल करावे, अशी अट घातली. ज्या परिषदेचा विश्वासांगीकार आपण दर रविवारी म्हणतो, तिनेच दुसरा विवाह करणाऱ्या विधवेचे पंक्तीतील स्थान राखले, ही गोष्ट आपल्या धर्मशिक्षणवर्गात कितीदा सांगितली जाते? आणि तरीही जेरोमसारखा थोर पंडित रोमच्या कुलीन विधवांना पुन्हा विवाह न करण्याविषयी पत्रांमागून पत्रे लिहीत राहिलाच. नियम एक सांगतो आणि वातावरण दुसरेच सांगते, हा प्रकार केवळ सदाशिव पेठेत घडला असे नाही.

आता त्या मधल्या कोऱ्या पानाकडे वळू.

'यमुनापर्यटन' निघाले त्याच्या पुढच्याच वर्षी, २३ एप्रिल १८५८ रोजी, सह्याद्रीच्या रानात गंगामूळ येथे एका मराठी ब्राह्मण शास्त्र्याच्या घरी मुलगी जन्मली. कुळगीच्या दक्षिणेस हाच घाट उतरत गेला की ते रान लागते. अनंतशास्त्री डोंगरे यांनी पत्नीला संस्कृत शिकविले म्हणून त्यांना लोकनिंदा सोसावी लागली होती. त्या पत्नीने, लक्ष्मीबाईंनी, मुलीला शिकविले. हीच पुढे पंडिता रमाबाई. त्यांचे चरित्र आपल्या वाचकांस ठाऊक आहे, म्हणून येथे केवळ काही खुणा सांगतो. दुष्काळात आईबाप गेले. १८८० मध्ये त्यांनी बिपिनबिहारी मेधावी या बंगाली वकिलाशी विवाह केला आणि १८८२ मध्ये त्या विधवा झाल्या. पदरी लहानगी मनोरमा. १८८३ मध्ये इंग्लंडात वाँटेज येथे त्यांनी बाप्तिस्मा घेतला. म्हणजे पद्मनजींनी जे कल्पिले होते त्यातील बहुतेक सर्व त्यांच्या आयुष्यात घडले: शिकलेली पत्नी, विचारी पती, त्याचा अकाली मृत्यू, ख्रिस्ताचा स्वीकार. एकच गोष्ट घडली नाही. त्यांनी पुन्हा विवाह केला नाही. कादंबरीने जेथे पूर्णविराम दिला असता, तेथे रमाबाईंनी घर भाड्याने घेतले.

११ मार्च १८८९ रोजी मुंबईत चौपाटीजवळ शारदासदन उघडले, आणि १८९० मध्ये ते पुण्यास नेण्यात आले. तेथे विधवेला काय मिळे? राहण्यास खोली, दोन वेळचे जेवण, पाटी, आणि डोक्यावरचे केस ठेवण्याची मोकळीक. चमत्कार म्हणावा असे यात काही नाही. पण यमूला हवे होते ते नेमके हेच, आणि 'करमणूक'चे वाचक तिच्यासाठी डोळे पुशीत होते त्या वर्षांत ते पुण्यातच उपलब्ध होते. हरिभाऊंच्या वाचकांपैकी किती जणांनी आपल्या घरातील यमूला त्या दाराशी नेऊन सोडले, हा प्रश्न आम्ही त्यांना विचारणार नाही. तो आम्हांवरही उलटेल. १८९३ मध्ये सदनातील मुलींवर ख्रिस्ती धर्माचा प्रभाव पडत असल्याच्या आरोपावरून वादळ उठले. रानडे व भांडारकर सल्लागार मंडळातून बाहेर पडले आणि पुष्कळ पालकांनी मुली काढून नेल्या. या प्रकरणात सारा दोष एका बाजूस टाकणे आम्हांस न्याय्य वाटत नाही. आश्रयाला आलेल्या दुबळ्या व्यक्तीच्या अंतःकरणाशी किती जपून वागावे, हा प्रश्न त्या वेळी जितका अवघड होता तितकाच तो आजही आहे. आपल्यापैकी जे वसतिगृहे चालवितात त्यांना तो रोज भेटतो.

या संदर्भात एक गोष्ट विशेष नोंदण्यासारखी आहे. शारदासदनाच्या अगदी पहिल्या विद्यार्थिनींत गोदूबाई नावाची एक बालविधवा होती. सदनात काही वर्षे शिकल्यावर, ११ मार्च १८९३ रोजी, म्हणजे सदनाच्या बरोबर चौथ्या वर्धापनदिनी, धोंडो केशव कर्वे यांच्याशी तिचा पुनर्विवाह झाला, आणि ती आनंदीबाई कर्वे झाली. ती ख्रिस्ती झाली नाही. ख्रिस्ती स्त्रीने उघडलेल्या घरातून ती बाहेर पडली ती हिंदू वधू म्हणून. आणि मुरुडच्या लोकांनी त्या दांपत्यावर बहिष्कार घातला. पद्मनजींच्या मनात बाप्तिस्मा आणि पुनर्विवाह ही एकाच उंबरठ्याची दोन पावले होती. प्रत्यक्षात रमाबाईंनी पहिले पाऊल टाकले, दुसरे नाही. आनंदीबाईंनी दुसरे टाकले, पहिले नाही. प्रभूची कृपा कादंबरीच्या आराखड्यानुसार चालत नाही.

आनंदीबाईंनी वृद्धपणी 'माझे पुराण' लिहिले. ते १९४४ मध्ये निघाले. त्यांची बहीण पार्वतीबाई आठवले हीही विधवाच. तिने हिंगण्याच्या आश्रमासाठी गावोगाव वर्गणी मागितली, आणि इंग्रजीचे बेताचेच ज्ञान असताना ती अमेरिकेस जाऊन पोहोचली. तेथे घरकाम करून राहिली. तिची 'माझी कहाणी' १९२८ ची. लक्ष्मीबाई टिळकांची 'स्मृतिचित्रे' तर आपल्या घरचीच ठेव. १८९५ मध्ये रेव्हरंड टिळकांनी बाप्तिस्मा घेतल्यावर पतीपासून दूर काढलेली ती वर्षे, आणि १८९० च्या दशकाच्या अखेरीस पुन्हा हळूहळू जुळत गेलेला संसार, हे वाचताना आपण हसतो आणि मग ओशाळतो. ह्या तिन्ही पुस्तकांत कोऱ्या पानाचा हिशेब आहे. तांदूळ किती होते, खोलीचे भाडे कोणी दिले, शेजारीण काय बोलली, हे सारे त्यांत आहे. म्हणून ती वाचून होणारे समाधान वेगळ्या जातीचे असते.

पवित्र शास्त्रात हा हिशेब फार पूर्वी लिहून ठेवलेला आहे. रूथचे पुस्तक चार अध्यायांचे. तीन विधवा, त्यांतील एक मागे फिरते. दोघी बेथलेहेमास येतात. शेवटी विवाह होतो आणि बाळ जन्मते. मास्तरांना ज्या कादंबऱ्यांचा राग आहे त्यांहून यात वरवर वेगळे काय आहे? वेगळे आहे ते दुसऱ्या अध्यायात. बवाज सज्जन आहे खरा, पण रूथ त्याच्या शेतात शिरते ती त्याच्या सज्जनपणामुळे नव्हे. कापणीच्या वेळी शेताचा कोपरा आणि गळलेली कणसे परदेशी व विधवा यांच्यासाठी सोडावी, असा नियमशास्त्राचा दंडक होता, म्हणून तिला शेतात पाऊल टाकता आले. प्रेम मागाहून आले. आधी धान्य आले. तिने दिवसभर सरवा वेचला, संध्याकाळी तो झोडला, आणि एफाभर सातू पदरात बांधून सासूकडे नेले. लेखकाने माप लिहून ठेवले आहे. आणि शेवटच्या अध्यायात बाळ कोणाच्या उराशी दिसते? नामीच्या. जिने स्वतःला 'मारा', म्हणजे कडू, म्हणवून घेतले होते, आणि जिचा पुनर्विवाह होणार नव्हता, त्या म्हातारीचे रिते हात भरून तो ग्रंथ संपत येतो. नव्या आयुष्याची कल्पना त्यात नवरा मिळण्यापुरती आखूड नाही.

आमच्या ख्रिस्ती घरांत केशवपन नाही, आणि दुसऱ्या विवाहास धर्माची आडकाठी नाही. परंतु लग्नाच्या आदल्या रात्री 'रोस' लावताना विधवा मावशी मागच्या खोलीत का बसते, हे आम्ही अनेक धर्मग्रामांत विचारून पाहिले आहे. उत्तर कोणी देत नाही. कोणी तरी चहा आणून ठेवतो. काळ्या लुगड्याची चाल बहुतेक ठिकाणी गेली. मागची खोली मात्र गेलेली नाही. जोयडा तालुक्यात, सुप्याचे धरण होऊन जुने सुपे गाव पाण्याखाली गेले तेव्हा रामनगरला वसलेल्या कुटुंबांतील बायकांनी परक्या मातीत चुली मांडल्या. नव्याने सुरुवात करणे म्हणजे काय, हे त्यांना पुस्तकातून शिकावे लागले नाही. त्यांच्यावर कोणी कादंबरी लिहिल्याचे आमच्या वाचनात नाही.

मास्तरांच्या बहिणीची त्या दिवशी आम्ही भेट घेतली. ती कोणते पुस्तक वाचते आहे असे विचारल्यावर तिने ते शिवणयंत्राच्या खणातून काढून दाखविले. त्यात खूण म्हणून कापडाची चिंधी घातलेली होती. शेवट कसा होणार हे ठाऊक असूनही का वाचता, असे आम्ही विचारले. ती म्हणाली, "शेवटासाठी नाही वाचत, फादर. ती दुकान कसे काढते, पहिल्या दिवशी गिऱ्हाईक येते की नाही, ते मी पुन्हा पुन्हा वाचते." मास्तर दारात उभे होते. त्यांनी हे प्रथमच ऐकले असावे, असे त्यांच्या चेहऱ्यावरून वाटले.

परतल्यावर आम्ही मास्तरांना पत्र लिहून वरील मजकुराचा गोषवारा कळविला, आणि सोबत 'स्मृतिचित्रे'ची आमची जुनी प्रत पाठविली. दोन महिन्यांनी उत्तर आले. पुस्तक आता चौथ्या घरी गेले आहे, परत मिळण्यास वेळ लागेल, अशी त्यांनी क्षमा मागितली होती. पत्राच्या तळाशी वेगळ्या अक्षरात दोन ओळी होत्या. अमेरिकेस गेलेल्या बाईंचे पुस्तक मिळाल्यास पाठवावे. आणि धर्मग्रामाच्या सभागृहामागची खोली रिकामी असते, ती शिवणवर्गासाठी भाड्याने मिळेल काय, हे फादरांनी तेथील धर्मगुरूंना विचारावे. आम्ही विचारले आहे. उत्तर अजून यावयाचे आहे.